वॉशिंग मशीनमधले पाणी जात नाही : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक तक्रार वारंवार दिसते : मशीन कपडे धुते, पण पाणी बाहेर सोडत नाही. त्यांपैकी निवडक पत्रे येथे घेतली आहेत. तक्रार एकच वाटली तरी फ्रंट लोड, टॉप लोड आणि सेमी ऑटोमॅटिक या तीन प्रकारच्या मशीनमध्ये पाणी बाहेर काढण्याची व्यवस्था मुळातच निराळी असते, त्यामुळे शेजारच्या घरात लागू पडलेला उपाय आपल्याकडे लागू पडेलच असे नाही. मशीनच्या कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. पुढील प्रत्येक उत्तरात ही सूचना गृहीत धरावी.

आमचे फ्रंट लोड मशीन ड्राय बाल्कनीत आहे. धुणे संपत आले असताना ते मध्येच थांबले, पडद्यावर बिघाडाचा संकेत आला आणि दार उघडेना. काचेच्या निम्म्यापर्यंत पाणी दिसते. पाणी सोडण्याची वेळ झाली की खालून ‘घूं’ असा आवाज येतो, पण पाणी जात नाही. मेकॅनिकने फोनवरच पंप बदलावा लागेल असे सांगितले. पंप खरोखरच गेला असेल का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

आपल्या वर्णनावरून पंप गेला असण्यापेक्षा तो अडकला असण्याची शक्यता जास्त आहे. फ्रंट लोड मशीनमध्ये ड्रम फिरवणारी मोटार वेगळी आणि पाणी बाहेर फेकणारा ड्रेन पंप वेगळा असतो. हा पंप साधारण ३० वॅटचा, म्हणजे अगदी किरकोळ ताकदीचा असतो. त्याच्या आत लोहचुंबकाचा रोटर असून सुरू होताना तो उजवीकडे किंवा डावीकडे, कोणत्याही दिशेने फिरू लागतो. त्यामुळेच त्याच्या पंख्याची पाती वळणदार न करता सरळ ठेवलेली असतात. एवढ्या कमी ताकदीच्या पंख्याला थांबवायला ब्लाउजचा हुक, सेफ्टी पिन किंवा केसांची पिनसुद्धा पुरते. आवाज येतो आहे याचा अर्थ पंपापर्यंत वीज पोहोचते आहे आणि त्याची कॉइल बहुधा शाबूत आहे. फोनवरून पंप बदलण्याचा निर्णय देणाऱ्याने निदान तो आवाज कसा आहे एवढे तरी विचारायला हवे होते.

पडद्यावरच्या संकेताबद्दलही एक गैरसमज आहे. एलजीच्या मशीनवर ‘ओई’, सॅमसंगच्या मशीनवर ‘५ई’ किंवा ‘५सी’, बॉशच्या बऱ्याच मॉडेलवर ‘ई१८’ असा संकेत येतो. त्याचा अर्थ एवढाच असतो की ठरावीक वेळेत पाणी उतरले नाही. ते का उतरले नाही, हे मशीनला कळत नाही. तेव्हा तो संकेत म्हणजे पंप बिघडल्याचा दाखला समजू नये.

तपासाची सुरुवात बाहेरून करावी. मशीन नुकतेच भिंतीकडे सरकवले असेल, तर मागचा आउटलेट पाइप दुमडला आहे का ते प्रथम पाहावे. ड्राय बाल्कनीत जागा इतकी चिंचोळी असते की झाडू मारताना मशीन मागे ढकलले जाते आणि पाइप चेपतो. पाइप सरळ असेल, तर त्याचे टोक भिंतीतल्या नळीतून बाहेर काढून मोरीच्या किंवा जाळीच्या तोंडाशी, शक्य तितके जमिनीलगत धरावे. अनेक मशीनमध्ये हा पाइप पाठीमागे वरच्या बाजूला क्लिपमध्ये अडकवलेला असतो. तो सोडवल्याशिवाय टोक खाली आणून उपयोग नाही. आता मशीनची वीज बंद असतानाही पाणी आपोआप वाहू लागले, तर ड्रमपासून पाइपच्या टोकापर्यंतचा मार्ग बराचसा मोकळा आहे आणि दोष पंप न फिरण्यात आहे असे समजावे. केवळ थेंब थेंब आले किंवा काहीच आले नाही, तर मार्गात अडथळा आहे. या एका चाचणीने निम्मा तपास होतो आणि मार्ग मोकळा निघाल्यास मशीनही रिकामे होते, म्हणून ती टाळू नये.

त्यानंतर फिल्टरकडे वळावे. मशीनच्या पुढच्या बाजूला खाली, बहुधा उजव्या कोपऱ्यात, एक लहान झाकण असते. त्याच्या आत गोल फिरकीचा फिल्टर आणि बऱ्याच मॉडेलमध्ये शेजारी बूच लावलेली बारीक नळी असते. गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल, तर पाणी निवेपर्यंत थांबावे. त्या झाकणाची जागा जमिनीपासून इतकी खाली असते की तेथे बादली बसत नाही, म्हणून जुनी पसरट परात घ्यावी. बारीक नळी असल्यास तिचे बूच काढून परातीत पाणी सोडावे, परात भरली की बूच लावावे आणि असे करत सगळे पाणी उतरवावे. नळी नसल्यास फिल्टर एकदम न काढता अर्धा आटा सैल करावा आणि परात भरली की पुन्हा आवळावा. आत १० ते २० लिटर पाणी सहज असते. घाईने फिल्टर ओढून काढला, तर ते सगळे बाल्कनीतून दिवाणखान्याकडे जाईल.

फिल्टर बाहेर काढल्यावर त्यावरचा लगदा, नाणी, बटणे, पिना, टिश्यू पेपरचे गोळे, गुटख्याच्या पुडीचे तुकडे, लहान मुलांचा मोजा असे जे काही असेल ते काढावे. (शाळेच्या गणवेशाच्या खिशांतून काय काय निघते, याची यादी पालकांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.) परंतु काम येथे संपत नाही, आणि बरेच जण येथेच थांबतात. फिल्टर ज्या पोकळीतून निघाला, तिच्या तळाशी विजेरीचा उजेड टाकल्यास पंपाचा छोटा पंखा दिसतो. लाकडी काडीने तो फिरवून पाहावा. तो अडखळत, झटके देत फिरला, तर ते योग्य आहे. आतल्या लोहचुंबकामुळे तसेच व्हायला हवे, आणि तो बिघडला म्हणून घाबरू नये. तो जराही हलत नसेल, तर त्याच्या आसाभोवती केस किंवा साडीच्या फॉलचे दोरे गुंडाळले गेले आहेत का ते पाहून चिमट्याने काढावेत. याउलट तो कोणताही झटका न देता गरगर फिरत असेल किंवा डगडगत असेल, तर पंखा आसापासून निखळला आहे. अशा वेळी मोटार फिरते, पण पाणी हलत नाही, आणि मग पंप बदलणे खरोखरच आवश्यक असते.

फिल्टर परत बसवताना त्याच्या रबरी रिंगेवर आणि आट्यांवर कण राहू देऊ नयेत. तो तिरपा बसला तर पुढच्या धुण्याला लादीवर पाणी येते. मग कपडे न घालता फक्त खळबळणे आणि पिळणे एवढाच प्रोग्रॅम लावून पाहावा. फिल्टर स्वच्छ आणि पंखा मोकळा असूनही पाणी जात नसेल, तर ड्रम आणि पंप यांना जोडणाऱ्या घडीदार रबरी नळीत कापड अडकलेले असू शकते. हे काम मशीन कलंडवून करावे लागते, तेव्हा ते मेकॅनिकवरच सोपवावे.

दाराविषयी : पाणी आत असताना दार न उघडणे हा दोष नव्हे. पाणी उतरल्यावर आणि वीज बंद केल्यावर बहुतेक कुलपे एक-दोन मिनिटांत सुटतात. काही मॉडेलमध्ये फिल्टरच्या झाकणामागे दार उघडण्यासाठी ओढायची पट्टी दिलेली असते. मूठ मात्र हिसकू नये, कारण ती तुटली तर तिचा खर्च वेगळा येतो.

आम्ही नुकतेच नव्या सदनिकेत राहायला आलो. जुन्या घरात पाच वर्षे उत्तम चाललेले फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड मशीन येथे पाणी सोडत नाही. प्लंबरने आउटलेट पाइप भिंतीतल्या, कमरेएवढ्या उंचीवरच्या नळीत नीट बसवून दिला आहे. सामान हलवताना मशीनला धक्का लागला असेल का? – एक वाचक, डोंबिवली

धक्का लागला असण्याची शक्यता फार कमी आहे. दोष त्या कमरेएवढ्या उंचीत आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या टॉप लोड मशीनपैकी अनेकांत पाणी वर फेकणारा पंप नसतोच. ड्रमच्या तळाशी एक झडप असते, ड्रेन मोटर नावाची छोटी मोटार ती झडप ओढून उघडते आणि पाणी केवळ उतारामुळे बाहेर जाते. त्यामुळे पाइप मशीनच्या तळापासून टोकापर्यंत खाली उतरत किंवा निदान जमिनीलगत गेला पाहिजे. भिंतीतली ती उंच नळी फ्रंट लोड मशीनसाठी ठेवलेली असते. बांधकाम व्यावसायिक दोन्ही प्रकारांसाठी एकच सोय करून मोकळे होतात आणि प्लंबरही दिसेल त्या भोकात पाइप खुपसतो.

आपले मशीन या प्रकारचे आहे का, हे पाणी सोडतानाच्या आवाजावरून ओळखता येते. ‘टक्’ असा आवाज होऊन मग शांतपणे पाणी वाहत असेल, तर ती झडपेची व्यवस्था आहे. सतत घरघर ऐकू येत असेल, तर पंप आहे. सोबतच्या पुस्तिकेतही पाइपची कमाल उंची दिलेली असते. पाइप भिंतीतून काढून जमिनीवरच्या जाळीत सोडावा आणि एकदा मशीन चालवून पाहावे. जाळी लांब असेल, तर पाइप वाढवताना तो वाटेत कोठेही उंबऱ्यावरून चढवू नये. मशीन स्टँडवर ठेवल्याने चार-सहा इंचांचा उतार मिळतो, परंतु कमरेएवढ्या उंचीवर पाणी चढवायला तो पुरणार नाही.

पाइप जमिनीवर ठेवूनही पाणी गेले नाही, तर झडप किंवा ड्रेन मोटर तपासून घ्यावी. अनेक मॉडेलमध्ये हीच मोटार पिळण्याच्या वेळी क्लचही सोडवते, म्हणून ती बिघडली की पाणीही जात नाही आणि पिळणेही होत नाही. अशा वेळी दोन वेगळे बिघाड झाल्याचे सांगून दोन वेगळी बिले घेणाऱ्याला हा संबंध जरूर विचारावा. या मशीनचा तळ काही मॉडेलमध्ये उघडा असतो आणि तेथून उंदीर शिरून वायर कुरतडतात. तळाला जाळी किंवा झाकण बसवून मिळते, आणि नव्या घरात तळमजल्यावर राहत असल्यास ते बसवणे श्रेयस्कर आहे.

सेमी ऑटोमॅटिक मशीनचा खटका ‘ड्रेन’वर केला तरी धुण्याच्या भांड्यातले पाणी हलत नाही, आणि कधी कधी ते पिळण्याच्या भांड्यात वर आलेले दिसते. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. – एक वाचक, लातूर

या मशीनची रचना तिन्ही प्रकारांत सर्वांत साधी आहे आणि दुरुस्तीही. वरचा खटका फिरवला की त्याला बांधलेली दोरी किंवा पट्टी तळाची रबरी झडप वर उचलते, एवढीच यंत्रणा असते. खटका हाताला सैल लागत असेल आणि नेहमीचा ताण जाणवत नसेल, तर दोरी तुटली किंवा निसटली आहे. मागचे आवरण स्क्रू काढून बाजूला केल्यावर ती दिसते आणि बाजारात ती सहज मिळते.

आपल्या बाबतीत मात्र पाणी पिळण्याच्या भांड्यात येते आहे, आणि ही खूण महत्त्वाची आहे. दोन्ही भांड्यांचे पाणी शेवटी एकाच पाइपने बाहेर जाते. झडप उघडून पाणी पुढे गेले, पण बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तरच ते दुसऱ्या भांड्यात चढते. म्हणजे दोरी आणि झडप काम करत आहेत, आणि अडथळा झडपेच्या पुढे, शेवटच्या सामाईक पाइपमध्ये आहे. जड पाण्यात साबण विरघळण्याऐवजी त्याचा चिकट, दह्यासारखा साका तयार होतो, त्यात सुती कपड्यांचे तंतू मिसळतात आणि पाइपच्या घड्यांत त्याचा थर बसतो. पाइप सोडवून मोरीत नळाच्या जोरदार पाण्याने धुवावा. थर कडक झाला असेल, तर लिंबूसत्त्व घातलेल्या कोमट पाण्यात तो काही तास बुडवून ठेवावा. फार जुना, कडक पडलेला पाइप घासत बसण्यापेक्षा नवा घेणे स्वस्त पडते. तोपर्यंत पिळण्याचे भांडे वापरू नये. तेथे साठलेले पाणी आसाच्या रबरी सीलवर राहते आणि ते सील गळू लागले की पाणी थेट पिळण्याच्या मोटारीवर ठिबकते.

फ्रंट लोड मशीनचा पंप दोन महिन्यांपूर्वी नवा बसवला, तरी कधी कधी तोच संकेत येतो. विशेष म्हणजे एकदा दार उघडून पाहिले तर ड्रममध्ये पाणी नव्हतेच. मोटारीवर १० वर्षांची वॉरंटी असताना पंपाचे पैसे का घेतले, हेही कळले नाही. – एक वाचक, नाशिक

ड्रम रिकामा असतानाही मशीन पाणी आहे असे म्हणते, यावरून संशय पंपावर नव्हे, तर पातळी मोजणाऱ्या भागावर जातो. ड्रमच्या खालच्या बाजूला एक लहान हवेची कुपी असते आणि तिच्यापासून एक बारीक नळी वरच्या प्रेशर स्विचपर्यंत जाते. पाणी चढले की नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून मशीनला पातळी कळते. कुपीच्या तोंडाशी साबणाचा गाळ साचला, तर पाणी उतरून गेल्यावरही दाब अडकून राहतो आणि मशीन पाण्याच्या निचऱ्याची वाट पाहत शेवटी तोच संकेत दाखवते. नळी आणि कुपी साफ करणे हे थोड्या वेळाचे काम आहे. फक्त नळीत फुंकर मारण्यापूर्वी ती स्विचपासून सोडवलेली असावी, नाहीतर आतला नाजूक पडदा फाटतो.

गाळ कोठून आला, हाही विचार करावा. हाताने धुण्याची पावडर फ्रंट लोड मशीनमध्ये वापरत असाल, तर ते आधी बंद करावे. या मशीनमध्ये पाणी कमी आणि कपडे आपटणे जास्त, त्यामुळे अशा पावडरचा फेस अनावर होतो. फेसात हवा असल्याने पंपाचा पंखा नुसता फिरत राहतो आणि पाणी पुरेसे ढकलले जात नाही. या मशीनसाठीची पावडर किंवा द्रव साबण घ्यावा. फेस भरून मशीन थांबलेच, तर तासभर तसेच ठेवून फेस बसू द्यावा, मग फक्त पाणी सोडण्याचा प्रोग्रॅम लावावा आणि त्यानंतर साबणाशिवाय एकदा खळबळून घ्यावे.

वॉरंटीबाबत : जाहिरातीतली १० वर्षे सामान्यतः ड्रम फिरवणाऱ्या मुख्य मोटारीपुरती असतात. ड्रेन पंप हा वेगळा सुटा भाग असल्याने तो सर्वसमावेशक वॉरंटीच्या मुदतीतच, म्हणजे बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच, मोफत मिळतो. पैसे घेणे त्यामुळे नियमबाह्य ठरत नाही. मात्र बदललेला जुना पंप परत मागावा, आणि त्याची कॉइल मल्टिमीटरवर मोजून दाखवायला सांगावे. घरगुती मशीनच्या अशा पंपाच्या कॉइलचा रोध साधारण १०० ते २०० ओहमच्या आसपास असतो. तेवढा आकडा दाखवणारा आणि पंखा शाबूत असलेला पंप जळालेला नव्हता, हे उघड आहे. नव्या पंपाच्या बिलावर त्याची स्वतंत्र वॉरंटी लिहिलेली असल्यास ती अजून चालू असेल. सर्व्हिस सेंटरने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बिल आणि जॉब शीट मात्र हाताशी असावी.

आमची अडचण उलटी आहे. फ्रंट लोड मशीन पाणी घेत राहते, पण पाणी आत टिकतच नाही. आउटलेट पाइप न्हाणीघराच्या जाळीत सोडला आहे. – एक वाचक, ठाणे

पाइपचे टोक जमिनीवर असल्याने पाणी आपोआप ओढले जात आहे. पिंपातून रॉकेल काढताना नळीचे टोक खाली धरल्यावर जे होते, तेच येथे होते. फ्रंट लोडच्या पाइपचे टोक साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर असावे, म्हणजे डोंबिवलीच्या वाचकांना दिलेला सल्ला आपल्याला नेमका उलटा लागू पडतो. भिंतीत नळी नसेल, तर पाइपसोबत मिळणारी प्लॅस्टिकची वाकडी पकड वापरून तो वॉश बेसिनच्या काठावर अडकवावा. नळीत खुपसायचा असल्यास वीतभरापेक्षा खोल घालू नये आणि वास येतो म्हणून तोंडाशी चिकटपट्टी गुंडाळून हवा बंद करू नये, कारण हवा आत जायला जागा राहिली तरच ही ओढ तुटते.

जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. मशीनने पाणी सोडले की ते मोरीच्या जाळीतून वर येते, आणि जोराच्या पावसात मशीन बंद असतानाही येते. मेकॅनिकने मशीन तपासून ठीक असल्याचे सांगितले. – एक वाचक, रत्नागिरी

मेकॅनिक बरोबर सांगतो आहे. फ्रंट लोडचा पंप मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज फेकतो, आणि तंतूंनी अर्धवट बुजलेल्या नहाणी ट्रॅपला ते पेलत नाही. आपले पाणी आधी ट्रॅपमध्ये अडत असेल, तर जाळी काढून आतला लगदा हाताने उपसल्यावर लगेच फरक दिसेल. आउटलेटच्या टोकाला बारीक जाळीची पिशवी बांधल्यास तंतू तेथेच अडकतात, परंतु ती दर धुण्यानंतर रिकामी केली नाही, तर तीच नवा अडथळा बनते.

मशीन बंद असताना पाणी वर येते, ही गोष्ट मात्र ट्रॅपपुरती नाही. वरच्या मजल्यांचे पाणी आणि कदाचित पागोळ्यांचे पाणीही ज्या चेंबरमध्ये उतरते, तो चेंबर किंवा त्यापुढची सामाईक वाहिनी तुंबली आहे, आणि सर्वांत खालचे तोंड आपल्या मोरीत असल्याने ते पाणी तेथून बाहेर येते. एखाद्या कोरड्या दिवशी वरच्या मजल्यावर बादलीभर पाणी ओतायला सांगून आपल्या जाळीत पातळी चढते का ते पाहावे. ती चढली, तर ही तक्रार इमारतीच्या नावाने लेखी द्यावी, चेंबर उपसून घ्यावा आणि पागोळ्यांची नळी सांडपाण्याच्या वाहिनीला जोडलेली असल्यास ती वेगळी करून घ्यावी. तोपर्यंत जोराचा पाऊस असताना मशीन लावू नये, आणि त्याच मेकॅनिकला पुन्हा बोलावून भेटीचे पैसे भरू नयेत.